जावयाची तपासणी

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. आजवरच्या सगळ्या तपासण्या बायकोच्याच झाल्या. सोमवारी तिची दुर्बिणीची तपासणी ठरली होती, पोटाला छेद घेऊन. त्याआधी तुमचीही एकदा होऊ द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला टाळता आलं नाही. अमरावतीत राजापेठेला आमचं फुलांचं दुकान. तिथे सगळेच ओळखतात. म्हणून घरी आईला, बायकोला न सांगता अकोल्याला, जठारपेठेतल्या एका लॅबमध्ये गेलो.

वीर्याच्या नमुन्याची डबी देऊन बाकावर बसलो. नमुना पातळ झाल्याशिवाय तपासता येत नाही म्हणे. तेवढ्यात तपासणारा माणूस बाहेर आला आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

“भाऊजी, तुमी? मी नांदगाव खंडेश्वरचा. ताईच्या घरामागचाच!”

बायकोचं माहेर तेच. मी गावचा जावई, म्हणून चहा आला, पोहे आले. उठून जाताही येईना. माझी डबी आत त्याच्या टेबलावर आणि मी बाहेर पोहे खात होतो.

मग त्याने मला आत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चौकोन आखलेली काच होती. त्या चौकोनांत तो शुक्राणू मोजत होता. मी डोळा लावला. तुरळक ठिपके, एखादाच जागच्या जागी थरथरत होता.

“एका तपासणीवर काही ठरत नाही, भाऊजी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करू,” तो हळू आवाजात म्हणाला. “अन् गावात मी कोणाले बोलत नाई. तुमचा मान तो आमचा मान.”

गावची लेक पोटाला छेद घ्यायला निघाली होती आणि गावचा माणूस मान माझा राखत होता. मी त्याचे आभार मानले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आईले नका सांगू. त्यायले सहन नाई होणार.” मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

सोमवारी दवाखाना टाळायला तिने आईला पाळी आल्याचं खोटंच सांगितलं. आमच्याकडे पाळीतल्या बाईने फुलांना हात लावायचा नाही, त्यामुळे दुकानाचे हार गुंफायला आई एकटीच बसली.

“दवाखान्याच्या दिवशीच बरी येते हिची अडचण! लेकरू पाहिजे का नाई हिले?”

खोलीत बसलेला मी आईला खरं सांगायला उठलो. बायको दाराला पाठ लावून उभी होती, मान हलवून नको नको म्हणत.