गोंदताना म्हणायचं गाणं

आईनं शिकवलं, म्हणूनच पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या गोंदण्याबद्दल मला वाचता आलं. तिथं हाडाची दातेरी फणी काठीनं ठोकत कमरेपासून गुडघ्यापर्यंत नक्षी काढतात. मध्येच उठणं म्हणजे साऱ्या घराची लाज. नातलग भोवती बसून गाणी म्हणतात. दुखणं वाटून घेता येत नाही, म्हणून असेल.

आज दवाखान्यात नर्सला आईची शीर सापडेना. सुई पुन्हा टोचली, ती मनगटावरच्या गोंदलेल्या तुळशीजवळच. मी दुसरा हात धरून उभा होतो.

"हे गोंदताना मावश्यांनी धरलं होतं मला," आई म्हणाली. "गाणी म्हणत होत्या. तू नुसताच उभा व्हय रं?"

मला एकही गाणं आठवेना. शेवटी डोळे मिटून तीच गुणगुणू लागली.