बॅटरीवर चालणारी जीप

हुंडा नको, मानपान नको, लग्नही साधंच करा, असं बारामतीच्या त्या स्थळानं कळवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नव्वदच्या दशकात आमच्या इंदापूर तालुक्यात फुकट काय मिळत होतं? गुरांसाठी उसाचं वाढं न्यायचं तरी शेतकऱ्याच्या दहा विनवण्या कराव्या लागत. आबा, म्हणजे माझे वडील, मात्र खूश होते. मुलाचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं, त्यांना तेवढं पुरेसं होतं.

मी इंदापुरात मामाकडे राहून शिकत होते, म्हणून बघण्याचा कार्यक्रम तिथंच झाला. मामानं त्याला दोनदा काहीतरी विचारलं, तर तो नुसता हसला. शिष्ट दिसतोय मेला, मी मनात म्हटलं. मग त्याच्या वडिलांनी जीपचं कौतुक लावलं. पोरानं म्हणे जुन्या डिझेल जीपला ट्रकच्या बॅटऱ्या आणि एक विजेची मोटार जोडली होती. बटण दाबलं की इंजिन बंद आणि गाडी कोसभर विजेवर पळते. घ्या! थापा मारायच्या तरी किती.

निरवांगीला, आमच्या गावी, घरी सोडतो, असा आग्रह त्यांनीच केला. तो चालवायला, शेजारी त्याचे वडील, मागं आबा, मामी आणि मी. आमच्याकडं डिझेल जीपमध्ये माणसं बोलत नाहीत, बोंबलतात. शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन खुशाल ओरडावं, पुढच्याला पत्ता लागत नाही. मीही मामीच्या कानाशी तेच करत होते. तेवढ्यात त्याच्या वडिलांनी खुणावलं आणि ह्यानं बटण दाबलं. इंजिन गपकन थांबलं, जीप पळतच राहिली, आणि माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"काय मागत न्हाईत, म्हंजी पोरात खोट हाय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मामीनं चिमटा काढला. आबा बाहेरचा ऊस बघायला लागले.

"हाय खोट," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाय. इंजिन चालू असलं की शेजारचं माणूस काय बोलतंय तेच कळत न्हाय. म्हणून तर ही मोटार बसवली."

वडिलांनी त्याचा दंड घट्ट धरला. लग्न होईस्तोवर बोलायचं नाही असं घरात ठरलेलं होतं, हे आम्हाला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. आबांनी जीप थांबवायला लावली. लपवाछपवीचं घर नको, म्हणत ते उतरले, पाठोपाठ मामी.

माझा संशय खरा ठरला होता, म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. पण डोक्यात भलतंच शिरलं. याच्याआधी तीन स्थळं येऊन गेली होती, गोड बोलून, पोटभर पोहे खाऊन. त्यांनी काय काय झाकलं असेल?

"उतर," आबा म्हणाले.

"आबा, लपवलं घरानं, सांगितलं ह्यानं. उद्या तुमी दुसरं स्थळ आणाल, त्याची खोट मला कोण सांगणार?"

आणि मी जागची हलले नाही.