महुआ कुणाच्या हद्दीत

नोकरीतून मोकळं व्हायला थोडा अवधी उरला तेव्हा आमच्या ह्यांनी झाशीजवळच्या बरुआसागरच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी जमीन घेतली. जमीन म्हणायची एवढंच. दगड, बाभळी, पळस आणि मधूनमधून थोडी लाल माती. एका अंगाला जंगलखात्याची हद्द, दुसऱ्या अंगाला मानिक चौकातल्या एका कापडवाल्या भैयाजींची जमीन. त्यांनाही ह्यांच्यासारखंच उतारवयात निसर्गाचं वेड लागलं होतं. आयुष्यभर साड्यांच्या घड्या उलगडल्या, आता जरा मोकळी हवा हवी, असं त्यांचं म्हणणं.

त्या सगळ्या खडकाळीत डोळ्याला सुख देणारी एकच वस्तू होती. जंगलाच्या बाजूला, आमची आणि भैयाजींची जमीन मिळते त्या कोपऱ्यात, सपाट खडकाजवळ उभा असलेला एक थोराड महुआ. ह्यांच्या गावाकडच्या, म्हणजे साताऱ्याकडच्या मराठीत मोह. हे झाड बघूनच ह्यांनी व्यवहार पक्का केला होता. त्याच्या सावलीत पडवी काढायची, वेताची खुर्ची टाकायची आणि चहा पीत टेकडीकडे बघायचं, हे त्यांचं निवृत्तीचं चित्र. पहिल्याच रविवारी आम्ही तिथे सतरंजी अंथरली, तर पलीकडून भैयाजी सपत्नीक चालत आले, हात जोडले आणि हसतमुखाने म्हणाले, "इंजीनियर साहब, आराम से बैठो, चाय पियो. बस इतना है कि जौ महुआ तो हमाओ आय."

महुआ भैयाजींचा म्हटल्यावर ह्यांचा चहा तिथेच थांबला.

मी घरी आल्यावर म्हटलं, "तहसीलमध्ये पैमाइशीचा अर्ज देऊ. सरकारी मोजणी झाली की प्रश्न मिटला."

हे माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "तो तुमचा लेखपाल, आमच्याकडचा तलाठी, साखळी ओढत येणार आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवणार? आकाशात इतके उपग्रह कशाला सोडलेत?"

मी झाशीची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि राहून गेले. त्यांनी जमिनी कशा मोजल्या ते घरात कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं न सांगितलेलंच बरं. पण घोड्यावर बसून आलेल्या माणसांनी जेवढी खटपट केली नसेल तेवढी आमच्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसून झाली. ह्यांचे एक सहकारी, नागपूरचे, रोज संध्याकाळी येऊ लागले. दोघे फोन समोर ठेवून परदेशी माणसांचे व्हिडिओ बघत. त्या व्हिडिओंत दाढीवाले गडी बर्फात उभे राहून कुठलं यंत्र चांगलं ते सांगायचे. इथे बाहेर लू, उन्हाळ्यातला तापलेला वारा, वाहत होती.

शेवटी एक अमेरिकी ॲप ठरलं. ते म्हणे रानावनातल्या खाजगी आणि सरकारी जमिनीच्या हद्दी रंगवून दाखवतं, मालकाचं नावसुद्धा सांगतं. वर्षाची वर्गणी भरून झाली. मग ह्यांनी त्यात झाशी उघडली. सगळीकडे एकसारखा हिरवा रंग, ना हद्द, ना मालक. मात्र चंद्र किती वाजता उगवेल आणि वारा कुठून आहे, म्हणजे शिकाऱ्याचा वास हरणाला लागणार नाही, हे ॲप आवर्जून कळवत असे.

"डेटा अपडेट होईल," नागपूरकर म्हणाले.

"होईल तोवर एखादं हरीण तरी बघून घ्या," मी म्हटलं. त्या दिवशी चहा जरा कडकच झाला असावा, दोघांनी कप अर्धेच ठेवले.

दुसरं ॲप फुकट होतं. फोन हातात धरून शेताच्या कडेने चाललं की ते क्षेत्रफळ सांगायचं. हे चालले, एक आकडा आला. पुन्हा चालले, दुसरा आला. तिसऱ्या खेपेस जमीन सर्वांत मोठी निघाली, आणि इंजिनिअर माणसाने आयुष्यभराचं शिक्षण बाजूला ठेवून तोच आकडा बरोबर धरला. तिसऱ्या ॲपात गावाचा सरकारी नकाशा उपग्रहाच्या फोटोवर पांघरलेला होता. त्या पांघरुणात महुआ आमच्याकडे येत होता, हे बघून ह्यांचा चेहरा उजळला. मी फोन हातात घेऊन जरा बाजूला सरकवला. त्याच नकाशात गावातलं मंदिर तळ्याच्या मधोमध उभं होतं.

"देव काही पाण्यात गेलेले नाहीत," मी म्हटलं. "म्हणजे नकाशा सरकलाय. महुआही तेवढाच सरकला असेल."

"तू टेक्निकल गोष्टीत पडू नकोस," हे म्हणाले.

मग खास यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं, नारिंगी, वर ठेंगणी अँटेना. डोंगरात, पाण्यात, बर्फात चालतं, असं खोक्यावर लिहिलेलं. झाडाखाली आणि खडकाच्या आडोशाला ते बहकतं, हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. हे महुआखाली एका जागी खांबासारखे उभे राहिले आणि यंत्राच्या पडद्यावर त्यांची रेघ इकडेतिकडे भटकत राहिली. नुसतं उभं राहून माणूस एवढा हिंडतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिकडे भैयाजीही स्वस्थ बसले नव्हते. मे महिन्यात एके सकाळी तेही फोन पुढे धरून आले. त्यांच्या ॲपात रेघ दुसरीकडून जात होती आणि महुआ सपशेल त्यांच्या बाजूला होता.

"आपका ऐप गलत है," हे म्हणाले.

"आपका सही है, ये किसने बताया?"

"मेरे पास मशीन है!"

"तो हमाए पास भी मोबाइल है, साहब. नया है."

दोघे जबाबदार गृहस्थ भर उन्हात एकमेकांच्या नाकासमोर पडदे नाचवत होते. आधी भैयाजींचा फोन तापून बंद पडला, मग ह्यांचा. नारिंगी यंत्र तेवढं चालू राहिलं, पण त्याच्या म्हणण्यानुसार हे त्या क्षणी भैयाजींच्या जमिनीत उभे होते, म्हणून ह्यांनी ते खिशात घातलं.

मी आणि भैयाजींची बायको, म्हणजे भाभीजी, महुआखाली बसून पुऱ्या खात होतो. त्या मोठ्या मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, "दीदी, इनका तो दुकान में भी मन नहीं लग रहा. ग्राहक को साड़ी दिखाते-दिखाते नक्शा दिखाने लगते हैं."

मी हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "वैसे आपकी जमीन है किसके नाम?"

"माझ्या," मी म्हटलं आणि मीच थबकले. "मतलब, मेरे नाम. औरत के नाम रजिस्ट्री हो तो स्टाम्प में छूट मिलती है ना."

"हमाए यहाँ भी. हमाए नाम है."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. समोर दोन पुरुष घाम गाळून भांडत होते, आणि ज्यांची जमीन होती त्या दोघी लोणच्याच्या बरणीचं झाकण शोधत होत्या. सरकारच्या सवलतीने आम्हाला मालकीण केलं होतं, पण हे त्या दिवसापर्यंत आमच्याच लक्षात आलं नव्हतं. मला राग आला. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, तो जास्त वेळ टिकला.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी रिक्षाने तहसीलला गेलो आणि दोघींच्या सहीने संयुक्त पैमाइशीचा अर्ज दिला. बाबूने अर्ज वाचून विचारलं, "भाई साहब लोग नहीं आए?"

"वो सैटेलाइट देख रहे हैं," भाभीजी म्हणाल्या.

घरी सांगितलं तेव्हा हे जेवणाच्या ताटावरून उठले नाहीत, पण आमटी मागायचीही विसरले. "मला न विचारता?" म्हणाले.

"विचारणार होते," मी म्हटलं, "पण तुम्ही फोनवर होता."

मोजणीला लेखपाल दोनदा येतो म्हणाले आणि आले नाहीत. तिसऱ्यांदा खरोखरच आले, सोबत तिकाटण्यावरचं यंत्र आणि ते चालवणारे दोघे. साखळी नव्हती. हे जरा खट्टू झाले, कारण साखळीवर बोलायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्याऐवजी त्यांनी नारिंगी यंत्र काढून सर्वेवाल्याला त्यातल्या खुब्या समजावायला सुरुवात केली. त्या माणसाने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "बढ़िया है साहब, ट्रैकिंग के लिए."

हद्दीच्या जुन्या दगडांपासून मोजत मोजत ते महुआपर्यंत आले. भैयाजी आणि हे झाडाच्या दोन बाजूंना उभे, लग्नात अंतरपाटाच्या दोन्हीकडे उभे राहतात तसे. लेखपाल फोनवर कुणाशी तरी बोलत होते. बोलणं न थांबवता त्यांनी झाडीकडे हात दाखवला. माणसांनी काटेरी जाळी बाजूला केली, तर आत चुना उडालेला जंगलखात्याचा खांब होता. महुआच्या अलीकडे. आमच्या जमिनीकडून बघा की भैयाजींच्या, झाड खांबाच्या पलीकडे.

लेखपालांनी फोन खाली घेतला. "ये पेड़ तो वन विभाग में है. चट्टान भी."

ज्या सतरंजीवर वर्षभर चहा झाला, पुऱ्या झाल्या, भांडणं झाली, ती सतरंजी सरकारी जंगलात होती. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. ती सावली मलाही आवडली होती. भाभीजींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "चलो, लड़ाई तो खतम भई."

पण त्यांना आपला नवरा पुरता कळला नव्हता, आणि मलाही माझा. भैयाजी महुआला वळसा घालून ह्यांच्या बाजूला आले. "इंजीनियर साहब, हमें तो इनकी मशीन में गड़बड़ लग रही है."

"शंभर टक्के!" हे म्हणाले. भावनेच्या भरात मराठीतच.

तेव्हापासून संध्याकाळी सोफ्यावर तिघे असतात, हे, नागपूरकर आणि भैयाजी. साड्यांच्या दुकानातून येताना भैयाजी समोसे आणतात. तिघांनी मिळून मोजणीवर हरकतीचा अर्ज तयार केला आहे, त्यात उपग्रहांचा उल्लेख आहे आणि लेखपालांच्या फोनचाही. नवं, अधिक अचूक यंत्र मागवायचं घाटतं आहे, त्यासाठी म्हणे जमिनीत एक खांबही रोवावा लागतो. अर्ज तयार आहे, फक्त मालकांच्या सह्या हव्यात.

ह्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, पेनाचं टोपणही काढून दिलं. मी अर्ज वाचला, दोन ठिकाणी हिंदी सुधारलं आणि परत दिला.

"सही?" हे म्हणाले.

"जमीन माझी आहे," मी म्हटलं. "विचार करून सांगते."

मग भाभीजींना फोन लावला. त्यांनी पण भैयाजींना तेच सांगितलं होतं.