पहिल्या पाण्याची हाक

काशम्माक्का आमच्या भावकीतली, नात्यानं माझी थोरली बहीण. तिच्या शेताच्या खालच्या अंगाला माझं शेत. बंधाऱ्याचा पाट तिच्या रानाकडेनं पुढं आला तरच माझा शाळू भिजायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या साली मी तिच्यावर एवढा का चिडलो होतो ते कळेल.

तिला एकुलता एक मुलगा, रुद्रप्पा. नवरा आधीच गेलेला. बहात्तरच्या दुष्काळात पोरानं रस्त्यावर खडी फोडली. ते काम थांबलं तसा होटगीला जाऊन गाडीत बसला. हुबळीकडं कुठंतरी काम निघालंय, एवढंच सांगून गेला तो गेलाच. पुढं कुणी म्हणे गदगला दिसला, कुणी म्हणे बळ्ळारीला. अक्का अशा प्रत्येकाला बसवून चहा पाजायची आणि विचारायची, अंगावर शर्ट कसला होता? केस वाढलेत काय? बोलणाऱ्याची पंचाईत व्हायची, कारण निम्म्याहून अधिक लोक थापाच मारत. मग तिच्यासमोर विषय नको म्हणून एक जण गप्प झाला, दुसरा झाला, आणि हळूहळू गावानं त्याचं नाव घेणंच सोडलं. चांगल्या मनानंच सोडलं म्हणा.

पंच्याहत्तर साली हस्ताच्या पावसात ओढ्याला कधी नव्हे असा पूर आला. बंधाऱ्याची एक बाजू गेली. पाट जागोजागी वाहून गेला आणि जिथं उरला तिथं वाळूनं काठोकाठ भरला. चिखल वाळल्यावर सगळे बसलिंगप्पाच्या कट्ट्यावर जमलो. बसलिंगप्पा पाटाचे जुने पंच.

आमच्याकडं पाट कुणा एकाचा नसतो. ज्याच्या रानाकडेनं जातो, तेवढा तुकडा त्याच्या घरानं दुरुस्त करायचा. सगळा जोडून झाला की पहिलं पाणी सोडायचं. त्या दिवशी जो तो आपल्या दाऱ्यावर, म्हणजे पाट फोडून पाणी आत घ्यायच्या जागी, खोरं घेऊन उभा राहतो. वरचा आपला एक वाफा भिजवतो आणि खालच्याला नावानं हाक मारतो. खालच्या घरातल्या कुणीही ओ दिली की मगच पाणी पुढं सोडायचं. ओ येईपर्यंत हाका मारत राहायचं. मात्र एखाद्याचा तुकडा दुसऱ्यानं खणला, तर त्याचं नाव हाकेतून गेलं. तिथं खणणाऱ्याचं नाव लागतं. अक्काच्या रानाला हाक रुद्रप्पाच्या नावानं होती.

बसलिंगप्पा तिला म्हणाले, "काशम्मा, हे तुझ्यानं व्हायचं न्हाय. खालच्या भावाला खणू दे. पानी तुला मिळंलच की. हाक तेवढी त्याच्या नावानं मारू."

"आन् रुद्रप्पा आल्यावर?"

बसलिंगप्पा चंची सोडून सुपारी कातरायला लागले.

"माझ्या लेकाची हाक मोडायची न्हाय," ती म्हणाली, "मी खणती."

आणि लागली की खणायला! आमचे सगळ्यांचे तुकडे झाले, तरी बाईचा अर्धाही नाही. दिवसभर उपसावं आणि रात्रीतून काठ ढासळून पुन्हा भरावं. खाली माझा शाळू माना टाकायला लागला. एक दिवस डोकं फिरलं, खोरं घेऊन गेलो आणि म्हणालो, "अक्का, सर बाजूला. माझा पेरा वाळून चाललाय."

ती पाटातच फतकल मारून बसली. "टाक माती माझ्यावर, तम्मा."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ती असं म्हणाली की माझं काही चालायचं नाही. तरी घरी येईपर्यंत मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांद्या आणि दगड तिच्या काठावर नेऊन टाकले. फांद्या टाकणं म्हणजे काही खणणं नव्हे. तिनं माझ्याकडं न बघता त्या काठाला दाबून बसवल्या आणि वर माती चोपली. तेव्हा कुठं काठ धरला.

पहिलं पाणी सोडलं त्या सकाळी मी माझ्या दाऱ्यावर कान टवकारून उभा होतो. वरून एकेक नाव खाली येत होतं, एकेक ओ जात होती. अक्काच्या वरचं रान गुंडाचं. त्याचा आवाज आला.

"रुद्रप्पाऽऽ! पानी आलंऽऽ!"

ओ नाही. गुंडानं पुन्हा हाक मारली. तरी नाही. माझा पारा चढला. एवढा जिवाचा आटापिटा करून हक्क राखला आणि आता बाई गेली कुठं? तरातरा बांधावरून वर गेलो.

अक्का दाऱ्यावरच उभी होती. डोक्यावर पदर, हातात खोरं, चांगली शुद्धीवर.

"अक्का, ऐकू येत न्हाय व्हय? ओ दे की!"

तिनं माझा दंड धरला. डोळे गुंडाच्या रानाकडं लागलेले, गाल ओले.

"थांब की तम्मा," ती हळूच म्हणाली. "लई दिसांनी कोन तरी त्याला हाक मारतंय. मारू दे."

मला एकदम त्या पोराची फार आठवण आली. खाली शाळू वाळत होता, वाळू दे म्हटलं. खोरं जमिनीवर टेकवून मी तिच्याशेजारी उभा राहिलो. गुंडानं पुन्हा हाक मारली.