बायकांची कुरबूर
पिंपाचं झाकण उघडलं आणि शिळ्या पाण्याचा वास आला की सप्तापूरचं आमचं भाड्याचं घर आठवतं. तिथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एकदा अशाच पाण्याच्या दिवशी घरात माझी बहीण बाळंतीण होती, आणि घरमालक मोटर लावून सगळं पाणी वर आपल्या टाकीत ओढत होता. मी घाबरतच त्याला म्हटलं, "अण्णा, दोन घागरी तरी भरू द्या." माझ्याकडे न बघता तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "इरली बिडरी, असू द्या हो, बायकांची कुरबूर ही. मनावर घेऊ नका." नवराही हसला. मी जाऊन मोटरची पिन उपटली, तशी आमच्या नळाला धार आली. मग मालक गल्ली गोळा होईपर्यंत ओरडला. त्याला कुणी कुरबूर म्हटलं नाही. "अण्णांना राग आला," असं सगळे म्हणाले. राग आधी मला आला होता, आणि तो आजही उतरलेला नाही.