शेपूट छाटलेला घोडा

मी दिल्लीत, मुनिरक्यात दोन मैत्रिणींबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहून फ्रेंचमध्ये एम.ए. करत होते, त्या वर्षीची ही गोष्ट. माझे मामा जनावरांचे डॉक्टर. गाजियाबादच्या पुढे, हापूडच्या बाजूला घोड्यांच्या पैदाशीचं एक सरकारी फार्म होतं, तिथे त्यांची बदली झाली होती. जानेवारीत त्यांचा निरोप आला. फ्रान्सहून एक घोडा येतोय, त्याच्यासोबत एक वयस्क गृहस्थ येतायत आणि त्यांना इंग्रजीचा गंध नाही. "शनिवार-रविवार येत जा," मामा म्हणाले. "मामी जेवायला घालेल. तू त्यांचं बोलणं आम्हाला सांग, आमचं त्यांना."

मी गेले. ट्रकमधून घोडा उतरवत होते. मी तोवर टांग्याचे घोडे पाहिले होते, सव्वीस जानेवारीच्या परेडमधले पाहिले होते. हा त्यातला नव्हता. उंची फार नव्हती, पण छाती दरवाज्याएवढी, मान जाडजूड, पाय आखूड आणि खुरांजवळ झुबकेदार केस. अंगाचा रंग काकवीसारखा आणि आयाळ मक्याच्या कणसाच्या केसांसारखी फिकट. तो फळीवरून उतरला तेव्हा फळी वाकली. मग तो वळला आणि मला दिसलं की त्याला शेपूट नाही. वीतभर खुंट तेवढा होता.

"अपघात झाला होता का?" मामांनी विचारायला सांगितलं.

म्हातारा हसला. मी त्यांना 'मस्यू', म्हणजे फ्रेंचमधलं 'साहेब', म्हणायचे. ते म्हणाले, "अपघात कसला? आमच्याकडे सगळ्यांची छाटतात. गाडी ओढताना शेपूट लगामात अडकते. माझ्या आजोबांनीही छाटल्या, मीही छाटल्या."

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी त्यांचं गाव होतं. तिथली ही जात, ब्रेताँ. मस्यूंच्या आजोबांच्या काळात हे घोडे ओहोटीला किनाऱ्यावर गाड्या नेत आणि समुद्रातलं शेवाळ शेतांत खत म्हणून ओढून आणत. नांगर ओढत, टपालाच्या गाड्या ओढत, लढायांमध्ये तोफा ओढत. स्वभावाने गरीब, खायला थोडं मागणारे, दिवसभर न थकणारे. मग ट्रॅक्टर आले.

"मग त्यांचं काय केलंत?" मी विचारलं.

"वजनावर विकले. खाटकाला." मग त्यांनीच मला विचारलं, "तुमच्याकडे घोडा खातात?"

"नाही."

"बिल्कुल नाही," मामांनीही न विचारता सांगितलं. आमचं बोलणं त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. मी ते मस्यूंना सांगितलं. त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, हा माझ्या गोठ्यातला शेवटचा. तुमची सरकारी माणसं नर शोधत आली तेव्हा शेजारी म्हणाले, इतक्या लांब पाठवतोस? मी म्हटलं, लांब तर लांब.

इथे तो आणला होता खेचरांसाठी. पहाडात जिथे गाडी जात नाही तिथे सैन्याचं ओझं खेचरं वाहतात. खेचराचा बाप गाढव, आई घोडी; दणकट खेचर हवं तर त्याची आई दणकट हवी. आपल्या घोड्या अंगाने हलक्या. या नरापासून होणाऱ्या घोड्या पुढे खेचरांच्या आया होणार होत्या. मामा हे सगळ्यांना उत्साहाने समजावून सांगत.

फेब्रुवारी चांगला गेला. मस्यूंना मामींच्या हातचा मऊ भात आणि साधं वरण आवडायला लागलं. सकाळी ते घोड्याला धुक्यात फिरवून आणत. घोड्याशी ते फ्रेंचमध्ये बोलत नसत, त्यांच्या गावची वेगळी बोली होती. मामांनी सुरुवातीला विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "मला नाही कळत." नंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं.

मार्चअखेर माश्या आल्या. होळीनंतर आमच्याकडे माश्या येतातच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. इतर घोड्या शेपट्या हलवत उभ्या असायच्या. हा कातडी थरथरवायचा, पाय आपटायचा, तो खुंट हलवायचा. गोमाश्या त्याच्या पोटाखाली, मांड्यांच्या आत चिकटून बसत आणि रक्त काढत. आठवड्याभरात जखमा झाल्या. एवढा शांत घोडा, पण लाथ मारून त्याने तबेल्याची फळी मोडली. मस्यू दिवसभर फडकं घेऊन त्याच्यामागे उभे राहू लागले.

मामी म्हणाल्या, "झूल शिवू या. मच्छरदाणीच्या कापडाची." मी आणि मस्यू कापड आणायला करोल बागेत गेलो. दुकानदाराने विचारलं, "पलंग कितना बड़ा है?" मस्यूंनी दोन्ही हात पसरले, मग पुढे सरकून पुन्हा पसरले. दुकानदार हसला, मीही हसले. मामींनी दोन दिवस मशीनवर बसून ती झूल शिवली. झुलीने माश्या कमी झाल्या, पण मे महिन्यात ती काढावी लागली. तेवढ्या पातळ कापडातही त्याला उकडत होतं.

त्या मेमध्ये सकाळी नऊलाच लू, तिकडचा भाजणारा वारा, सुरू व्हायची. परीक्षा संपली होती, म्हणून मी मामांकडे राहायलाच गेले होते. वाळ्याचे ओले पडदे लावले, हापूडहून बर्फाच्या लाद्या आणवल्या, दर तासाला अंगावर पाणी. एके दुपारी मामांनी घोड्याच्या कानामागून, मग काखेतून हात फिरवला आणि तळवा मला दाखवला. तळवा कोरडा होता.

"याला घाम येणं बंद झालंय," ते म्हणाले. "थंड देशातल्या जनावरांना इथे होतं असं. उष्णता बाहेरच पडत नाही. आतल्या आत भाजतो."

"औषध?"

"थंड हवा. तेवढंच." पहाडावर हलवायची परवानगी त्यांनी एप्रिलपासून मागितली होती. दर दोन दिवसांनी ते फोन करत, दर वेळी फाइल कोणाच्या तरी टेबलावर असायची. मस्यूंची परतायची तारीख होऊन गेली होती. ते गेले नाहीत. मामींनी त्यांची खाट तबेल्याच्या ओसरीत टाकून दिली.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी घोडा बसला आणि उठला नाही. नाकपुड्या फाटल्यासारख्या उघड्या, श्वास लोहाराच्या भात्यासारखा. आठ माणसांनी दोर लावून उठवायचा प्रयत्न केला. मामांनी नाडी पाहिली, ताप पाहिला आणि मला बाजूला बोलावलं.

"त्यांना सांग, आता त्याला सोडवायला हवं."

हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं मला सुचेना. मारायला हवं, असं म्हणायला जीभ रेटेना. मामा जे बोलले तेच मी शब्दशः सांगितलं, त्याला मोकळं करायला हवं. मस्यूंनी मान हलवली. गुडघ्यांवर बसून ते घोड्याच्या तोंडावरची मोरखी काढायला लागले. पट्टा सोडवला, कानांवरून अलगद काढून बाजूला ठेवला आणि मामांकडे पाहिलं, आता पुढे काय, असं. तेव्हा त्यांना मामांच्या हातातली मोठी सिरिंज दिसली.

घोड्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्यांच्या बोलीत बोलत राहिले. मामांनी सुई टोचली. मामी दारात होत्या, पदर तोंडाशी धरून.

मेलेलं जनावर कातडीसाठी ठेकेदार नेत असे, तशीच पद्धत होती. तो संध्याकाळी गाडी घेऊन आलाही. मामांनी त्याला परत पाठवलं आणि शेताच्या कडेला खड्डा खणायला लावला. उन्हाने जमीन इतकी कडक झाली होती की पहारींतून ठिणग्या उडत होत्या. मस्यूही खणायला उतरले. कोणी त्यांना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी विचारलं, "आता तबेल्याचं काय?"

मामा म्हणाले, "थंडीत आणखी दोन घोडे येणार आहेत. त्याच जातीचे."

मी सांगितलं. मस्यूंनी कप खाली ठेवला. "त्यांना सांग, आणू नका."

मामा बशीकडे बघत म्हणाले, "सांग त्यांना, ते माझ्या हातात नाही."

तेही मी सांगितलं. मस्यूंनी चहा संपवला, मामींना नमस्कार केला आणि बॅग भरायला गेले.

डिसेंबरात घोडे आले, सोबत तिकडचा एक माणूसही. मामांनी मला बोलावलं. मी अभ्यासाचं कारण सांगितलं आणि गेले नाही. त्यांनी दुसरा कोणी दुभाषा शोधला असेल. पुढचा उन्हाळा त्या दोघांना कसा गेला ते मामांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.