हिरव्या पाठीची गिटार

अन्याय सुमन भालेराव हिच्यावर झाला आहे. कधी झाला, तेही सांगतो. तिच्या वडिलांच्या शोकसभेत शेवटचा वक्ता खाली बसला आणि सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, त्या वेळी. फोटोशेजारी टेबलावर ठेवलेली वडिलांची गिटार घ्यायला ती पुढे झाली, तर आमच्या कामगार संघटनेच्या सेक्रेटरीसाहेबांनी तिच्या आधी गिटारीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, ही आता तुमच्या एकटीची नाही. ही कामगारांची ठेव आहे." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! गिटार ऑफिसातल्या काचेच्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, आणि आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली रिकामी गवसणी काखेत घेऊन सुमन घरी गेली.

त्याला महिना होऊन गेला. मी हँडबिलं लिहिणारा माणूस आहे. गेटवर उभं राहून वाटायची, वाचून झाल्यावर लोकांनी त्यात भजी गुंडाळायची, एवढंच माझं साहित्य. या विषयावरही हँडबिल लिहिलं होतं, ते आमच्याच संघटनेनं वाटू दिलं नाही. "घरातली भांडणं बाहेर कशाला?" म्हणाले. म्हणून रविवारच्या पुरवणीत आलो आहे. आठवणी लिहायला बसलोय खरा, पण मन शांत नाही. ते शांत असतं तर बरं झालं असतं... माणूस गेल्याचं दुःख निदान नीट करता आलं असतं.

शांताराम भालेराव बासष्ट साली नगर जिल्ह्यातून पिंपरीला आले. हायवेच्या कडेला तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. आधी हेल्पर, मग फिटर. वस्तीत आणि कंपनीत सगळे त्यांना शांतारामदादा म्हणत. आवाज खडा, स्वभाव तापट, आणि गिटारीच्या बाबतीत तर संशयी सासूसारखे! दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. ती गिटार त्यांना देहूरोडच्या पिंटो मास्तरांनी दिली. मास्तर मिलिटरी बँडातून निवृत्त झालेले. एक गोरा अधिकारी देश सोडून जाताना गिटार त्यांच्याकडे ठेवून गेला होता. दादा दर रविवारी सायकल हाणत त्यांच्याकडे शिकायला जायचे. म्हाताऱ्याची बोटं सांध्यात आखडली तेव्हा त्यानं गिटार दादांच्या मांडीवर ठेवली आणि एकच अट घातली, "रोज बजाव. पेटीत बंद ठेवशील, तर गूंगी होईल. मग रडू नको माझ्याकडे येऊन."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात गेट मीटिंगा पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी विशीतला, डोक्यात सगळं ताजं. भाषणाआधी हा माणूस गिटार घेऊन टेबलावर चढला. मी खालून ओरडलो, "दादा, हे साहेबाचं वाद्य कामगारांच्या गेटवर कशाला? हलगी घ्या, ढोलकी घ्या!" त्यांनी तार जुळवता जुळवता, वर न बघता विचारलं, "तुझी हँडबिलं छापायचं मशीन काय जेजुरीहून आणलंय का रं?" सगळं गेट हसलं. मग त्यांनी त्यांची ती सवय केली, जी पुढं मी शेकडो वेळा पाहिली. बोटाच्या पेरानं गिटारीच्या पुढच्या फळीवर, दार वाजवावं तसं, हलकेच वाजवलं आणि तिला विचारलं, "हाईस का?" फळीतून खोल घुमारा आला. मग गाणं सुरू झालं. माइक नव्हता. शिफ्टला जाणाऱ्या बसचे हॉर्न वाजत होते. तरी शेवटच्या ओळीतल्या माणसाला तार आणि शब्द, दोन्ही ऐकू जात होते.

नंतर त्यांच्या खोलीवर मी विचारलं, जुन्या गिटारीत असं काय असतं? बाजारात नवी कोरी चकचकीत मिळते की. त्यांनी शेजारच्या पोराची नवी गिटार मागवली, माझा तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि तार छेडली. काही नाही. मग तसाच हात आपल्या गिटारीच्या पाठीवर ठेवायला लावला. मांजर मांडीवर घुरघुरतं ना, तसं काहीतरी तळहातातून कोपरापर्यंत गेलं. "कळलं?" म्हणाले. "ती नवी, तीन थर चिकटवलेली प्लायवूडची पेटी. ही सबंध लाकडाची. पुढची फळी पापडासारखी पातळ, त्यावर पॉलिशचा नुसता श्वास. इतकी वर्षं वाळली, वाजली, वाळली, वाजली. तिला थरथरायची सवय झालीय राव. सवय इकत मिळत नाही दुकानात." भोकाच्या खाली बोटांच्या घासण्यानं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं, आणि त्यावर ते सरळ बोट ठेवून सांगायचे, "हा डाग गोऱ्याचा. हा पिंटो मास्तरचा. हा माझा." पावसाळ्यात तिचा आवाज बसायचा, थंडीत मोकळा व्हायचा, आणि घरातल्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी तशी ते तिची चौकशी करायचे. मुंबईहून एकदा कुणी शौकीन गृहस्थ गाडी घेऊन आले होते. आरसा आत घालून बनवणाऱ्या कंपनीची चिठ्ठी शोधू लागले. ती झुरळांनी कधीच खाल्लेली. गृहस्थ हळहळले, "नाव गेलं, आता काय राहिलं?" दादांनी गिटार गवसणीत घातली. "नाव वाजत नाही साहेब," म्हणाले, आणि त्यांना चहाही विचारला नाही.

आता खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे कारखान्यात खंडेनवमी कशी असते, हे पुण्यातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आदल्या दिवशी उत्पादन बंद. प्रत्येकजण आपलं मशीन धुतो, रॉकेलनं पुसतो, त्याला ताजा हिरवा रंग देतो. दुसऱ्या दिवशी झेंडू, नारळ, पेढे, आणि बायकापोरांना आत आणून दाखवायचं, हे बघ, बाबा याच्यावर काम करतो. दादा बौद्ध, ते पूजेला उभे राहत नसत, पण मशीन मात्र सगळ्यांच्या आधी रंगवून मोकळे होत. त्यांचा खरा दिवस दुसरा. दसऱ्याला संध्याकाळी वस्तीत धम्मचक्राचा कार्यक्रम, आणि त्याची तालीम पेंट शॉपच्या मागच्या खोलीत चालायची, कारण तिथला मारुती हा त्यांचा जिवलग. मारुतीआप्पा मूळचा दिघीच्या शेतकरी घरातला, रंग फवारायच्या गनवर असा हात की पत्र्यावर माशी बसली तर घसरावी! तालमीच्या दिवसांत गिटार रात्री त्याच खोलीत टांगलेली असायची.

एका वर्षी खंडेनवमीला संध्याकाळी दादा तालमीला गेले, तर पेंट शॉपची सगळी पोरं रांगेत उभी. मध्ये स्टुलावर गिटार. झेंडूची माळ घातलेली. आणि नखशिखांत हिरवी... मशीनचा हिरवा. भेगांत पुट्टी, गोऱ्याच्या डागात पुट्टी, पिंटो मास्तरांच्या डागात पुट्टी, वरून प्राइमर, वरून रंगाचे दोन हात. मी दाराशी होतो. मारुतीआप्पाचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुललेला.

"बगा दादा, नवी कोरी! डाग म्हनून न्हाई ठिवला. रंग सुकवायला भट्टीत मातुर न्हाई घातली, म्हटलं सांधं सुटत्याल. उद्या दसऱ्याला तुमी कसं दिसशीला!"

दादांनी माळ काढली. पेरानं फळीवर वाजवलं. "हाईस का?" आतून टप् असा आवाज आला, ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारावं तसा. ते रंगाच्या ड्रमवर बसले. मग जे फुटले! "मारुत्या, माझ्या म्हाताऱ्या आईच्या सुरकुत्यांत पुट्टी भरलीस रं तू! कुणी सांगितलं होतं? कुणी?"

मारुतीआप्पाला खरोखर कळत नव्हतं. रडवेला होऊन तो एवढंच म्हणत होता, "रंग न्हाई दिला तर गंज चढतुया दादा... आमी तर जीव लावून क्येलं..."

मी तेव्हा बेफाम संतापलो होतो, आजही तो प्रसंग आठवला की बसवत नाही. पण कुणावर संतापायचं? ज्या हातांनी वाट लावली ते प्रेमाचे हात होते. ज्याला आपलं मानलं त्याला रंग द्यायचा, एवढंच त्या हातांना माहीत. दादा दुसऱ्या दिवशी तीच गिटार घेऊन स्टेजवर गेले. डालड्याच्या डब्यासारखी वाजत होती. ती जेवढी कमी पडली तेवढं ते वरच्या पट्टीत गायले, आणि घसा बसवून घरी आले.

मग खरवडणं सुरू झालं. फुटक्या काचेच्या धारेनं, केसाएवढं केसाएवढं, फक्त पुढची फळी. पॉलिश पेपर नको म्हणायचे, तो लाकूड खातो. सुट्टीच्या दिवशी मारुतीआप्पा येऊन समोर बसायचा. आधी कितीतरी दिवस त्याला हात लावू दिला नाही. नुसता बसायचा, पडलेला हिरवा भुसा कागदावर गोळा करायचा. एका रविवारी दादांनी काच त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "हळू. तुझ्या गनसारखं नाही हे." पुढची बाजू उघडी झाली. डाग परत दिसू लागले. मी म्हटलं, आता पाठ घ्या. दादा हसले. "राहू दे. पुढची बाजू माझी, पाठीमागची त्यांची." आवाज परत आला का? एका थंडीच्या सकाळी त्यांनी वाजवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "आली. पण रुसून आलीय. वाजवत राहावं लागंल." आणि ते वाजवत राहिले.

या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा. मला वाटलं, संपलं. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा दारातूनच गिटार ऐकू आली. आत पाहिलं, तर दादा खाटेवर बसलेले, गिटार मांडीवर, आणि मागे सुमन गुडघ्यांवर. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात ती कॉइल गुंडाळायचं काम करते, बोटं तारेला सरावलेली. तिचा डावा हात गिटारीच्या मानेवर सूर दाबत होता, दादांचा उजवा तारा छेडत होता. दोन माणसांची एक गिटार. दादा तिला दरडावत होते, "दाब की गं नीट, भाकरी खाल्ली नाहीस का?" ती म्हणाली, "तुम्हीच घाई करताय बाबा, गाडी सुटत नाहीये आपली." मला पाहून दादा म्हणाले, "बघ रे, माझा डावा हात आता हिच्याकडे कामाला लागलाय." त्यानंतर काही दिवसांनीच गेले.

आणि आता तो डावा हात एका खोलीत आहे आणि गिटार दुसऱ्या खोलीत, कुलपात. मी सेक्रेटरीसाहेबांशी भांडलो. त्यांचं म्हणणं, घराघरात वस्तू हरवतात, इथं कामगारांच्या पोरांना पाहायला मिळेल. माणूस वाईट नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मारुतीआप्पाचाही जीव होताच की त्या गिटारीत! येत्या खंडेनवमीला कपाटाचं उद्‌घाटन आहे. त्याआधी गिटार 'नीट दिसावी' म्हणून पुढून वार्निश मारायचं ठरलंय. आधी मारुतीआप्पालाच बोलावलं होतं. तो दारातूनच परतला. "येकदा क्येलंया ते पाप. दुसऱ्यांदा माज्या हातून न्हाई व्हनार. आन् दुसऱ्या कुनी ब्रश आनला, तर मी उंबऱ्यात आडवा पडंन." आता फर्निचरवाला शोधतायत. गेल्या आठवड्यात सुमन कामावरून सुटून तिथं गेली. मी बरोबर होतो. कपाटाजवळ जाऊन तिनं बोटाच्या पेरानं काचेवर हलकेच वाजवलं. काच काचेसारखीच वाजली. आत गिटार भिंतीला टेकवलेली, हिरवी पाठ भिंतीकडे, पोरांना दिसू नये अशी...

मला श्रद्धांजली नको आहे. दादांवर चार ओळी लिहून पाठवतो म्हणणाऱ्यांनी पाठवू नयेत. खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी, सकाळी, तुम्ही चिंचवडला आमच्या ऑफिसात या. पेंट शॉपची पोरं येणार आहेत, मारुतीआप्पा येणार आहे, सुमन गवसणी घेऊन येणार आहे. भाषण करू नका, घोषणा देऊ नका. एकेकानं सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलापुढं उभं राहायचं आणि एवढंच विचारायचं: किल्ली कुठाय? ती टेबलावर येईपर्यंत जागचं हलायचं नाही.